टोकियोत नवीन आलात आणि फोटो काढायचेत? मग आधी घड्याळ बघा

मी टोकियोतल्या निशि-कासाईला राहायला आले तेव्हा सुरुवातीचे महिने सगळे करतात तेच केलं. शनिवारी आरामात उठायचं, पोहे-चहा आटपायचा, अकराच्या सुमारास असाकुसाला पोचायचं आणि गर्दीत हात उंच करून फोटो काढायचे. घरच्या ग्रुपवर टाकलेल्या त्या फोटोंत देऊळ कमी आणि लोकांच्या पाठी जास्त असायच्या. मग जूनमध्ये आई आली. तिला पहाटे उठायची सवय, आठ-दहा दिवसांत इकडची वेळ अंगवळणी पडली आणि ती साडेचारला उठून बसायला लागली, कारण इथे जूनमध्ये साडेचारलाच लख्ख उजेड असतो. एक दिवस म्हणाली, उजाडलंय तर चल की कुठेतरी. आम्ही पहिल्या काही गाड्यांपैकी एक पकडली आणि पुन्हा असाकुसालाच गेलो. रात्रभर पाऊस पडून थांबला होता, फरशी ओली होती, आणि देवळाच्या दरवाज्यातला तो मोठा लाल कंदील खाली ओल्या दगडात जसाच्या तसा उतरला होता. सगळ्या रस्त्यात आम्ही दोघी आणि झाडू मारणारे एक आजोबा.

त्या दिवसापासून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते, इथे जागा शोधायला कष्ट नाहीत, जागा सगळ्यांना माहीत आहेत, तुम्ही कुठल्या वेळेला जाता त्यावर सगळं आहे. म्हणून खालचं सगळं वेळेच्या हिशोबाने लिहिलंय.

पहिली पायरी: सूर्य कधी येतो-जातो ते पाठ करा

आपल्याकडे पुण्या-मुंबईत उन्हाळा-हिवाळा सूर्याच्या वेळेत फार फरक पडत नाही, इथे प्रचंड पडतो. जूनच्या शेवटी सूर्योदय साधारण ४:२५ ला आणि सूर्यास्त सातला. डिसेंबरच्या शेवटी सूर्योदय पावणेसातला आणि सूर्यास्त साडेचारला! म्हणजे डिसेंबरात ऑफिस सुटेपर्यंत मिट्ट काळोख झालेला असतो, त्यामुळे हिवाळ्यातले संध्याकाळचे फोटो फक्त शनिवार-रविवारी, आणि तेही दुपारी तीनला घरातून निघालात तरच. उलट हिवाळ्यात पहाटेचा फोटो सगळ्यात सोपा, सहाच्या गाडीने निघालात तरी चालतं.

रात्री गाड्या बंद असतात हे लक्षात ठेवा. मध्यरात्रीनंतर शेवटची गाडी गेली की पहाटे साडेचार-पाचपर्यंत काही नाही, आणि टॅक्सी महाग. त्यामुळे जूनमध्ये अगदी सूर्योदयाचा क्षण घराजवळच पकडायचा, लांबच्या जागी पोचेपर्यंत सूर्य वर आलेला असतो, तरी सहा-साडेसहापर्यंत उजेड मऊ राहतो, काही बिघडत नाही.

आता ऋतू. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा. आपल्यासारखा धो धो नाही, रिपरिप. घरी बसू नका, ओल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब आणि लोकांच्या पारदर्शक छत्र्या हे बघायचे हेच दिवस. ऑगस्ट ते ऑक्टोबर टायफूनचा अंदाज बघून निघायचं, पण टायफून गेल्यानंतरच्या संध्याकाळी आभाळाला जो रंग येतो तो वर्षात दुसऱ्यांदा दिसत नाही. आणि फुजी पर्वत बघायचाय तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. तो इथून जवळपास १०० किलोमीटर लांब आहे, उन्हाळ्यात हवेत इतकी वाफ असते की आठवडेच्या आठवडे दिसत नाही, आणि थंडीत मात्र अचानक पुलावरून जाताना गाडीच्या खिडकीतून समोर उभा असतो.

दुसरी पायरी: सामान आणि रीत

फोन असेल तर फोन पुरे, खरंच. कॅमेरा असेल तर एक वाइड आणि एक ७०-२०० सारखी लांबची लेन्स, बस्स. ट्रायपॉड घरी ठेवा असंच मी सांगेन, कारण स्टेशन, प्लॅटफॉर्म आणि बहुतेक सगळ्या ऑब्झर्वेशन डेकवर तो चालत नाही, बऱ्याच बागांमध्येही चालत नाही. एका टॉवरवर मी न वाचता उघडला होता, गार्ड आला, दोनदा वाकून नमस्कार केला आणि इतक्या हळू आवाजात बंद करायला सांगितलं की मलाच वाईट वाटलं. कठड्यावर हात टेकवून, श्वास रोखून काढलेला फोटो बऱ्याचदा पुरेसा चांगला येतो.

ड्रोनचा विचारच सोडा. १०० ग्रॅम आणि त्यावरचा ड्रोन सरकारकडे रजिस्टर करावा लागतो, आणि दाट वस्तीवर उडवायला वेगळी परवानगी लागते. टोकियोचे २३ वॉर्ड म्हणजे दाट वस्तीच.

माणसांचे फोटो हा नाजूक विषय. इथे अनोळखी माणसाचा, विशेषतः लहान मुलांचा चेहरा ओळखू येईल असा फोटो काढून नेटवर टाकणं लोकांना अजिबात आवडत नाही. इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनचा शटरचा आवाज बंद करता येत नाही तोही चोरून फोटो काढण्याला आळा बसावा म्हणूनच. पाठमोरी माणसं, सावल्या, छत्र्या घ्या. चेहरा हवा असेल तर कॅमेरा दाखवून "शाशिन, ईइ देसु का?" एवढं विचारा, म्हणजे फोटो काढला तर चालेल का. बरेच जण हो म्हणतात. शिन्जुकुच्या गोल्डन गाईसारख्या बारक्या गल्ल्या सुंदर दिसतात, पण त्या खाजगी आहेत आणि विनापरवानगी फोटो काढायला मनाई आहे, पाट्या वाचा. शिंतो देवळात आणि बौद्ध मंदिरात आवार चालतं, पण गाभाऱ्यासमोर बहुतेक ठिकाणी कॅमेरा खाली. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडेही तसंच असतं.

सोबत पाणी, एक कचऱ्याची पिशवी (रस्त्यावर डबे जवळपास नसतातच, कचरा घरी आणायचा) आणि खायला. शाकाहारी असाल तर पहाटे कोन्बिनीमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, उमेबोशीचा, म्हणजे आंबट-खारट प्लमचा ओनिगिरी (भाताचा गोळा) शोधा. आपल्या खारवलेल्या कैरीच्या जवळची चव आहे, भातासोबत मस्त लागतो. लेबल मात्र वाचा किंवा फोनने भाषांतर करून घ्या, भातात माशाचा अर्क असू शकतो.

तिसरी पायरी: पहिली सकाळ असाकुसाला द्या

निशि-कासाईहून मेट्रोच्या तोझाई लाइनने निहोम्बाशी, तिथून गिन्झा लाइनने असाकुसा. सहाच्या आत पोचा.

सेन्सोजी हे टोकियोतलं सगळ्यात जुनं मंदिर. आख्यायिका अशी की इ.स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली, परत परत पाण्यात सोडली तरी परत परत येत राहिली. कान्नोन म्हणजे आपले अवलोकितेश्वर, अजिंठ्याला ज्यांचं चित्र बघतो तेच, आईला हे सांगितल्यावर तिने तिथेच चपला काढल्या, मला सांगावं लागलं की आवारात चपला चालतात.

कामिनारिमोन दरवाज्याखालचा कंदील ३.९ मीटर उंच आणि ७०० किलो वजनाचा. सगळे समोरून काढतात, तुम्ही बरोबर खाली जाऊन वर बघा, बुडाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे, गर्दीच्या वेळी खाली उभं राहायलाही मिळत नाही म्हणून तो बऱ्याच जणांनी पाहिलेलाच नसतो. मग नाकामिसे, अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली. दुकानं बंद असतात तेच बरं, कारण शटर्सवर असाकुसाच्या सणांची, ऋतूंची चित्रं रंगवलीयत, दुकान उघडलं की चित्र वर गुंडाळलं जातं. ही चित्रं फक्त पहाटे आणि रात्री बघायला मिळतात.

मुख्य मंदिर सहाला उघडतं (ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला). उघडताना जरूर थांबा. आवाजाने कळतं, लाकडी दारं सरकतात, आणि रोजचे येणारे आजी-आजोबा ऑफिसच्या बॅगा घेतलेल्या लोकांबरोबर रांगेत उभे राहतात, पाच येनचं नाणं टाकतात, हात जोडतात, निघतात. त्यांचा फोटो काढू नका. पाच मिनिटं नुसतं बघा.

तिथून नदीवर. आझुमाबाशी पुलावरून पलीकडे माथ्यावर सोनेरी ज्वाळा असलेली इमारत आणि मागे स्कायट्री टॉवर एका फ्रेममध्ये येतात, पण सकाळी सूर्य त्याच बाजूला असतो, म्हणून तिथून फक्त काळी आकृती मिळते. ती हवी असेल तर छान, नको असेल तर सुमिदा रिव्हर वॉकवरून पलीकडे चालत जा. रेल्वे पुलाला चिकटून पादचारी रस्ता आहे, शेजारून हाताच्या अंतरावर ट्रेन जाते. पलीकडे गेल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास चालत किताज्युक्केन नदीवरचा ज्युक्केनबाशी नावाचा साधा पूल गाठा. हा स्कायट्रीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून टॉवरवर पडतं, आणि वारा नसेल तर ६३४ मीटरचा अख्खा टॉवर पाण्यात उलटा दिसतो. फोन उभा धरा, पुलाच्या कठड्याजवळ, जितका खाली नेता येईल तितका. वारा असेल तर प्रतिबिंब विसरा, दुसऱ्या दिवशी या. मी चार वेळा गेलेय, दोनदाच मिळालं.

परत येताना कामिनारिमोनच्या समोर ते एकावर एक लाकडी घरं ठेवल्यासारखं दिसणारं टूरिस्ट सेंटर आहे, केंगो कुमांनी डिझाइन केलेलं, २०१२ चं. आठव्या मजल्यावरची गच्ची फुकट आहे, तिथून नाकामिसेची सरळ रेघ मंदिरापर्यंत जाताना दिसते. आता गर्दी झालेली असेल, पण वरून गर्दीच छान दिसते.

चौथी पायरी: पहिली संध्याकाळ मारुनोउचीला

हे सगळ्यात सोपं, कारण तोझाई लाइनवरच्या ओतेमाचीला उतरून चालत जाता येतं. टोकियो स्टेशनची लाल विटांची इमारत १९१४ ची, तात्सुनो किंगो यांनी बांधलेली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात घुमट आणि वरचा मजला जळाला, नंतर साठ-पासष्ट वर्षं इमारत दोनच मजल्यांची होती, आणि २०१२ मध्ये घुमटांसकट मूळ रूपात परत उभी केली. आपल्या सीएसएमटीसमोर रात्री दिवे लागल्यावर जे होतं ना मनात, तसंच इथे होतं.

आधी बाजूच्या कित्ते इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या बागेत जा, फुकट आहे. सूर्यास्तानंतर वीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं आणि स्टेशनचे दिवे पिवळे, ती वीस मिनिटं म्हणजेच फोटो, त्यानंतर आभाळ काळं होतं आणि इमारत कापून चिकटवल्यासारखी दिसते. त्याच गच्चीवरून उजवीकडे रूळ दिसतात, शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सतत येत-जात असतात. मग खाली उतरून राजवाड्याकडे जाणाऱ्या रुंद ग्योको-दोरी रस्त्याच्या मधोमध उभं राहून समोरून घ्या. तिथे बऱ्याच संध्याकाळी नवरा-नवरी फोटोशूटला आलेले असतात, त्यांच्या फ्रेममधून चालत जाऊ नका, थांबा, ते वाकून आभार मानतात. आणि घरी जायच्या आधी स्टेशनच्या उत्तर किंवा दक्षिण घुमटाखाली उभं राहून वर बघाच, गरुड आणि चिनी राशीचक्रातले प्राणी कोरलेत, अष्टकोन असल्यामुळे बारापैकी आठच बसलेत. रोज तिथून जाणारे लाखो लोक वर बघत नाहीत.

पाचवी पायरी: उंचावरून, पैसे न देता

शिन्जुकुची मेट्रोपॉलिटन गव्हर्नमेंट बिल्डिंग, आर्किटेक्ट केन्झो तांगेंची. ४५ वा मजला, २०२ मीटर, तिकीट नाही. हिवाळ्यात सकाळी पश्चिमेच्या खिडकीशी फुजीसाठी, संध्याकाळी सूर्यास्तासाठी. आमच्या एदोगावा वॉर्डमध्येच फुनाबोरीचा टॉवर हॉल आहे, ११५ मीटरचा टॉवर, वर जाणं फुकट, परदेशी पाहुणे जवळजवळ कोणी नसतात, स्कायट्री आणि खाडी दोन्ही दिसतात. घरी पाहुणे आले आणि वेळ कमी असेल तर मी तिथेच नेते. अशा जागा मधूनमधून दुरुस्तीला बंद असतात, निघायच्या आधी साइट बघून घ्या.

काचेतून फोटो काढायची एक युक्ती, हिने तुमचे निम्मे फोटो वाचतील: लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, आणि काळं जॅकेट किंवा ओढणी फोनभोवती काचेवर तंबूसारखी धरा. मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब गायब. फ्लॅश बंद. त्या दिवशी गडद रंगाचे कपडे घाला, पांढरा शर्ट घातला की तुम्हीच काचेत दिसता.

शिबुया क्रॉसिंग, म्हणजे स्टेशनसमोरचा तो प्रसिद्ध गर्दीचा चौक, त्यासाठीही आधी पैसे खर्च करू नका. जेआर स्टेशनपासून इनोकाशिरा लाइनकडे जाणाऱ्या वरच्या पॅसेजमध्ये, तारो ओकामोतोंचं भलंमोठं भित्तिचित्र आहे तिथेच, समोर काचा आहेत आणि खाली अख्खं क्रॉसिंग. पावसाळी संध्याकाळी जा. फोन काचेला टेकवून लाँग एक्स्पोजर लावा, किंवा कॅमेऱ्यात अर्धा सेकंद, चालणारे लोक पुसट होतात आणि जो एक माणूस थांबलेला असतो तो स्पष्ट राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवू नका, भिंतीला धरून उभे राहा. नंतर शिबुया स्काय या तिकिटाच्या ऑब्झर्वेशन डेकवर जायचंच असेल तर सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट बरंच आधी काढावं लागतं, आणि वर गच्चीवर बॅग नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवायची.

सहावी पायरी: टोकियो टॉवर, पण देवळासकट

टॉवर १९५८ चा, ३३३ मीटर. त्याच्यावर चढण्यापेक्षा तो दिसेल अशा जागी जावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती जागा म्हणजे झोजोजी. तोकुगावा घराण्याचं मंदिर, सहा शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी राज्यकर्ते, तिथे पुरलेत. पुढचा लाल सान्गेदात्सुमोन दरवाजा १६२२ चा. मुख्य मंदिर पूर्वाभिमुख, टॉवर त्याच्या मागे पश्चिमेला, म्हणून सकाळी दोघांवर समोरून ऊन पडतं आणि संध्याकाळी टॉवरचे दिवे मागे पेटतात. उन्हाळ्यात दिवे पांढरट, बाकी वर्षभर नारिंगी. मला नारिंगीच आवडतो, देवळाच्या काळ्या कौलांवर तो उठून दिसतो.

आवारात उजव्या बाजूला लहान लहान दगडी जिझो मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत, डोक्यावर विणलेल्या लाल टोप्या, हातात रंगीत भिरभिरी. फोटोसाठी फार सुंदर दिसतात आणि म्हणूनच सांगायला हवं की त्या गेलेल्या आणि जन्मालाच न आलेल्या बाळांसाठी ठेवलेल्या आहेत. टोप्या कुणीतरी घरी विणलेल्या आहेत. वारा आला की सगळी भिरभिरी एकदम फिरतात आणि मग एकेक करून थांबतात. तिथे कुणी उभं असेल तर कॅमेरा बॅगेत घाला. कुणी नसेल तर लांबून, एक-दोन, आणि त्यात स्वतःचा सेल्फी नको.

सातवी पायरी: फुलांचं कॅलेंडर

साकुराची, म्हणजे चेरीच्या बहराची, घोषणा होते तेव्हा सगळे धावतात. हवामान खातं यासुकुनी देवळातलं एक ठरलेलं झाड बघतं, त्यावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोत साकुरा सुरू झाला असं जाहीर करतं. सरासरी तारीख २४ मार्च, पूर्ण बहर ३१ मार्च, अलीकडे बऱ्याचदा त्याच्याही आधी. चिदोरिगाफुची, म्हणजे राजवाड्याचा खंदक, तोझाई लाइनवरच्या कुदानशिताहून चालत पाच मिनिटं. बहराच्या दिवशी गर्दी असह्य असते. माझं ऐका, बहरानंतर तीन-चार दिवसांनी, वाऱ्याच्या रात्रीनंतरच्या पहाटे जा, पाकळ्या पाण्यावर उतरून गुलाबी सायीसारखा थर झालेला असतो. त्याला इथे हानाइकादा म्हणतात, फुलांचा तराफा. फांदी हाताने ओढून चेहऱ्याजवळ आणू नका, साकुराची फांदी दुखावली की झाड किडतं.

साकुरा हुकला? शिन्जुकु ग्योएन बागेत साकुराच्या इतक्या जाती आहेत की एप्रिलच्या मध्यापर्यंत काहीतरी फुललेलं असतंच, पण ती नऊला उघडते आणि एरवी सोमवारी बंद असते. एप्रिलच्या शेवटी कामेइदो तेन्जिनला विस्टेरिया, लाल कमानी पूल आणि जांभळे झुबके. जुलै-ऑगस्टमध्ये उएनोच्या शिनोबाझु तळ्यात कमळं, सकाळी लवकरच, दुपारी मिटतात. नोव्हेंबरच्या शेवटी मेइजी जिंगू गाइएनची १४६ गिंको झाडांची रांग, सगळं पिवळंधमक, तिथेही सातच्या आत.

आणि घराजवळचं राहूनच जातं

आपली इतकी मंडळी निशि-कासाईत राहतात आणि सायकलच्या अंतरावर असलेल्या कासाई रिंकाई पार्कला फक्त पिकनिकला जातात. ११७ मीटरचा पाळणा आहे, १७ मिनिटांचा फेरा, खाडी, पूल, पक्षी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत नार्सिससची शेतंच्या शेतं. पुढच्या हिवाळ्यात आई-बाबा दोघं आले तेव्हा जानेवारीच्या मध्यात चार वाजता आम्ही किनाऱ्यावर जाऊन उभे राहिलो. सूर्य पाचच्या जरा आधी जातो. तो जाईपर्यंत फुजी कुठेच नव्हता, बाबा म्हणाले आज नाही दिसत, चला. अशा वेळी निघू नका. सूर्य गेल्यावर दहा मिनिटांनी आभाळ केशरी झालं आणि त्यात तो त्रिकोण कागद कापून लावावा तसा वर आला.

फोनवर काढताना आभाळावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि बोट खाली ओढून उजेड कमी करा, नाहीतर फोन सगळं पांढरं करून टाकतो आणि फुजी पुसला जातो. माणसं हवी असतील तर त्यांना बाजूने उभं करा, समोरून नाही, कारण चेहरे काळेच येणार, मग नाक-हनुवटी, अंबाडा, मफलर यांची रेघ तरी दिसेल. आईने शाल डोक्यावरून घेतली होती, थर्मासचा चहा हातात, वाफ वर जातेय, मागे फुजी. तिथे समुद्राचं वारं बोचरं असतं, बोटं आखडतात, तेव्हा हातमोजे न्या, आणि फोन थंडीत पटकन डाउन होतो, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत तो आतल्या खिशात अंगाशी ठेवा.